विमान वळवलं कोणी, रद्द केलं कोणी?

सावंत काकू ए-703: कोणी जागं आहे का, आमचा रोहन दिल्लीहून येत होता, मुंबईवर घिरट्या घातल्या आणि विमान नेलं अहमदाबादला, तिथे बसवून ठेवलं आणि आता म्हणे कॅन्सल. काउंटरवरची मुलगी ऑपरेशनल रीझन एवढंच बोलते

महेश सी-201: नवी मुंबईचं एअरपोर्ट डिसेंबर 2025 पासून चालू आहे की, इथे उतरवायचं ना!

देशपांडे काका बी-402: अरे खारघरला बघ कसा कोसळतोय, तिथे काय वेगळं असणार. मी विमान कंपनीत ऑपरेशन्सला नोकरी केलीय म्हणून सांगतो, एटीसी म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रण धावपट्टीची स्थिती सांगतं, व्हिजिबिलिटी सांगतं, पण उतरायचं की वळायचं हा शेवटचा शब्द कॅप्टनचा. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एका वेळी एकच चालते, पावसात वर रांग लागते आणि घिरट्यांत इंधन जातं. कुठेही उतरलं तरी टाकीत 30 मिनिटांचं राखीव उरलंच पाहिजे. कॅप्टनने वेळेत वळवलं ते उत्तम केलं

सावंत काकू: वळवलं त्याचं काही नाही हो काका, पोरगा सुखरूप आहे. पण मग तिथून निघाले का नाहीत?

देशपांडे काका: बहुतेक क्रूची ड्युटी संपली असणार, डीजीसीएने म्हणजे सरकारच्या विमान नियामकाने तास ठरवलेत त्यापुढे उडवता येत नाही, उडवूही नये. पण दुसरा क्रू आणायचा की फ्लाइट रद्द करायची हे कंपनीचं ऑपरेशन्स कंट्रोल ठरवतं. त्या मुलीच्या स्क्रीनवर दोन शब्द येतात, तेच ती वाचते, तिच्यावर ओरडून काय होणार. ज्यांनी ठरवलं ते लोकांसमोर येतच नाहीत, याचा मला नोकरीत असतानाही राग यायचा

स्नेहा ए-104: काकू कारण ईमेलवर लेखी मागा, पैसे त्यावरच ठरतात. हवामान किंवा एटीसीमुळे असेल तर भरपाई नाही, पण रिफंड नाहीतर दुसरी फ्लाइट द्यावीच लागते. ऐनवेळी कंपनीच्याच कारणाने रद्द केली असेल तर दिल्ली-मुंबईला 10,000 रुपये किंवा एकेरी मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, जे कमी असेल ते. ऑपरेशनल म्हटलं की यातलं काहीच कळत नाही ना

महेश: आणि उत्तर नाही दिलं तर एअरसेवा या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका

सावंत काकू: रोहनला सांगते लगेच

देशपांडे काका: बोर्डिंग पास टाकू नको म्हणावं, आणि आधी काहीतरी खाऊन घे म्हणावं