मदत हवी आहे: अमळनेर-जळगाव भागात एए (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणारे एकमेकांना आधार देतात ती संघटना) मीटिंग कुठे भरते, कशी शोधायची?

धुळेकरीण:
नमस्कार. विचारतेय मोठ्या भावासाठी. तो अमळनेर तालुक्यात गावी असतो, शेती करतो. मी धुळ्याला दिलेली. दारू खूप जुनी. यंदा पोळा झाल्यावर स्वतःहून एका व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला. तिथे संध्याकाळी सगळे गोल करून बसायचे आणि एकेक जण आपापलं सांगायचा. त्याला गोळ्यांपेक्षा तेच लागू पडलं. सकाळी हात कसा थरथरतो हे डॉक्टरला काय माहीत, असं म्हणतो.

गावी आल्यावर ते बसणं सुटलं. त्यात आता भरीताचे दिवस. रोज कुणाच्या ना कुणाच्या मळ्यात पार्टी, आणि भरीत हे नावालाच असतं. गेला नाही तर "शहाणा झाला" म्हणतात, म्हणून तो घरातच बसून राहतो. मला त्या घरात बसण्याचीच जास्त भीती वाटते.

अमळनेर, चोपडा, धरणगाव कुठेही मीटिंग असेल तर सांगा. जळगाव किंवा नंदुरबारही चालेल, सुरत लाइनची गाडी आहे. पण तिथे गावातलंच कुणी भेटलं तर काय? शिवाय तिथे देवाचं फार असतं असं ऐकलंय. काका म्हणतात, त्यापेक्षा माळ घाल, आपल्यात अशीच सुटते. आणि शेजारची एक बाई वहिनीला भाजीत टाकायची पावडर आणून देतेय. काय करावं?

गिरणाकाठ:
ताई, मी एएवाला आहे, म्हणून नाव लिहीत नाही. दारू सोडायची इच्छा, एवढी एकच अट. फी नाही, फॉर्म नाही, आधार कार्ड कुणी मागत नाही. चहा-भाड्यासाठी शेवटी पिशवी फिरते, नाही टाकलं तरी चालतं. ओपन मीटिंगला घरचेही बसू शकतात, क्लोज्डला फक्त पिणारे किंवा सोडलेले. पहिल्यांदा ओपनला तुम्ही सोबत जा.

गावातलं कुणी भेटलं तर तोही त्याच कारणाने आलेला असणार ना! तरी लाज वाटत असेल तर शेजारच्या तालुक्याची मीटिंग धरा, बरेच जण तसंच करतात.

शोधायचं कसं: एए इंडियाच्या वेबसाइटवर ग्रुपची यादी आहे, पण यादीवर विसंबून गाडीत बसू नका. आपल्याकडे ग्रुपची जागा बदलते, वार बदलतो, कधी ग्रुप बंदच पडलेला असतो. आधी फोन करा आणि "या आठवड्यात मीटिंग आहे का" असं सरळ विचारा. केंद्रातल्या समुपदेशकालाही विचारा, आपल्या भागातले कोण कोण तिथे राहून गेले ते त्याला ठाऊक असतं. सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६, तिला पैसे पडत नाहीत.

आणि जवळपास नसलीच तर? एएच्या नियमातच आहे की सोडण्यासाठी दोन-तीन जण एकत्र बसले की तो ग्रुप. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात सुरुवात झाली तीही दोघांपासूनच, एक शेअर बाजारातला आणि एक सर्जन. केंद्रातला एखादा चोपड्याचा, एरंडोलचा सोबती असेल तर दोघांनी ठरावीक वारी बसावं. ऑनलाइन मीटिंगाही असतात, पण माझ्या मते पहिले काही महिने समोरासमोरच बसलेलं बरं. मोबाइलवर माणूस कॅमेरा बंद करून पळतो.

माळकरी_शिरपूर:
काकांना सांगा, माळ आणि मीटिंग यांचं भांडण नाही. एएमध्ये दारू सोडायच्या बारा पायऱ्या सांगतात, त्यांत देव येतो, पण "आपल्याला जसा समजला तसा". माझी माळ गळ्यात आहे आणि मी मीटिंगलाही जातो. माळेने गावाचा धाक राहतो, त्याचा उपयोग होतोच. पण रात्री अकराला तलफ आली की माळ फोन उचलत नाही, स्पॉन्सर (नव्याला सांभाळून घेणारा एएमधला जुना सोबती) उचलतो. भाऊले एकला धाडू नको, ताई.

परिचारिका_चाळीसगाव:
ती पावडर आधी फेकायला सांगा. अशा पुड्यांत काय असतं ते कुणी सांगत नाही. डायसल्फिरम (दारू सोडवायला देतात ते औषध) असेल आणि वरून तो प्यायला, तर रक्तदाब एकदम खाली जाऊन जिवावर बेतू शकतं. ते औषध डॉक्टरने, पेशंटला सांगूनच द्यायचं असतं.

दुसरं. देव न करो, पण पुन्हा रोजचं पिणं सुरू झालं तर घरात कोंडून एकदम बंद करू नका. पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते, त्यानंतर भ्रम होऊ शकतो. अंगाला कंप, घाम, नसलेलं दिसणं असं काही दिसलं तर बाहेरचं झालं म्हणत बसू नका, तडक सरकारी दवाखाना गाठा. मीटिंग त्यानंतर.

धुळेकरीण:
सगळ्यांचे आभार. पावडर गटारात गेली. काका अजून फुगलेले आहेत, बघू. केंद्रात सोबत असलेला एक जण पारोळ्याचा निघाला, भाऊ त्याच्याशी बोलतोय. वहिनी विचारतेय, तिच्यासारख्यांचं काही असतं का? मुलगा नववीत आहे, तो बापाशी बोलतच नाही.

गिरणाकाठ:
असतं. वहिनींसाठी अल-अनॉन, पोरासाठी अलाटीन. भाऊ मीटिंगला येवो न येवो, त्यांना जाता येतं. आपल्याकडे अलाटीन मिळणं अवघड, अल-अनॉनचं एएच्याच फोनवर विचारा.

धुळेकरीण:
उद्या फोन करते. धरणगाव-एरंडोल बाजूचा चालू ग्रुप कुणाला माहीत असेल तर वार आणि वेळ इथे लिहा, नंबर मात्र व्यनिमध्ये (खासगी निरोपात).