मदत हवी आहे: गोळी सुटायच्या आधीच हात दचकतो

स्वसंरक्षणासाठी पिस्तूल चालवायला शिकतेय. पुस्तकं, व्हिडिओ बघून पकड आणि उभं राहणं बऱ्यापैकी जमलं. पण 7 मीटरवरूनही माझ्या गोळ्या सारख्या खाली डावीकडे लागतात (मी उजव्या हाताची). घरी पिस्तूल रिकामं असल्याचं दोनदा तपासून, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून नुसता ट्रिगर दाबायचा सराव करते, तेव्हा पुढच्या माशीवर (नळीच्या टोकावरचा नेम धरायचा उंचवटा) ठेवलेलं नाणं जराही हलत नाही. रेंजवर प्रशिक्षकांनी मॅगझिनमध्ये मधेच एक डमी (न उडणारं) काडतूस भरलं आणि नळी झपकन खाली गेलेली मीच पाहिली! म्हणजे आवाजाची, धक्क्याची धास्ती. व्हिडिओ बघून ती जाईल असं वाटत नाही. कुणी ही दचक घालवलीय का? कशी? होल्स्टरमधून (कमरेच्या म्यानातून) पिस्तूल काढण्याचा सराव तोवर थांबवू का?