अनुभव धागा: फेसाळ साकेचं गार कॉकटेल, कोकणातल्या हवेत

धाग्याची सुरुवात

जपानी धाटणीचं फेसाळ साकेचं कॉकटेल घरी करणाऱ्यांनी इथे लिहावं (साके म्हणजे तांदूळ आंबवून केलेली जपानी दारू). प्रमाण मिलीत द्या, ‘अंदाजे’ चालणार नाही. काय बिघडतं आणि का बिघडतं तेही लिहा. युझू (लिंबाच्या जातीचं वासाचं फळ), शिसो (वासाचं पान), उमे (आलुबुखारासारखं आंबट फळ) आपल्या बाजारात मिळत नाहीत, तेव्हा त्यांच्या जागी काय घालता ते आवर्जून सांगा. सहलीच्या आठवणी दुसऱ्या धाग्यावर.

एक गोष्ट आधीच: महाराष्ट्रात मद्य बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. फक्त गोव्यात विकायची बाटली सीमेवरच्या बांद्याच्या अलीकडे, महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे. यावर इथे वाद नको.

रत्नागिरीहून

आधी बाटलीचं लेबल वाचा, कारण फेसाळ साके एका जातीची नसते. ‘मिओ’ या ब्रँडसारखी ५ टक्के अल्कोहोलची गोडसर साके वेगळी आणि बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवलेली, १० टक्क्यांच्या वरची कोरडी साके वेगळी. दोन्हींना एकच कृती लावली की एक पाकासारखी गोड होते, नाहीतर दुसरी आंबटढोण.

गोड असेल तर: १२० मिली साके, १० मिली लिंबाचा रस, काकडीच्या दोन पातळ चकत्या. साखर अजिबात नको.
कोरडी असेल तर: १०० मिली साके, ७ मिली लिंबाचा रस, १५ मिली आल्याचा पाक.

आल्याचा पाक असा: १०० ग्रॅम साखर, १०० मिली पाणी, ३० ग्रॅम आल्याच्या चकत्या. साखर विरघळली की गॅस बंद करा आणि झाकून २० मिनिटं ठेवा. उकळत राहिलात तर आल्याचा तिखटपणा राहतो, पण ताजा वास उडून जातो. किसलेलं आलं नको, त्याचा चोथा आणि पिष्ट (स्टार्च) पाकात उतरतं.

ग्लासात रस आणि पाक आधी, मग बर्फ, मग ग्लास तिरपा धरून कडेकडेने साके. लांब चमच्याने तळातून एकदाच वर उचला. शेकरमध्ये घालून हलवायचं नाही. वायू सुटून झाकण उडतं आणि ग्लासात उरतं ते नुसतं सरबत.

बाटली आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये नको. ५ टक्क्यांची साके उणे दोनच्या आसपास गोठायला लागते आणि काच तडकते.

गुहागरहून

फेसाळ बाटली मिळाली नाही तर साधी साके आणि सोडा. साधी साके साधारण १५ टक्क्यांची असते. ६० मिली साके, ७५ मिली सोडा, १५ मिली पाक: एकूण १५० मिली आणि अल्कोहोल ६ टक्के. म्हणजे गोड फेसाळ साकेच्या जवळपास.

सगळा खेळ तापमानाचा. ० अंशाला एक लिटर पाण्यात सुमारे १.७ लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळतो, ३० अंशाला जेमतेम ०.६७. दुकानाच्या पायरीवर उन्हात तापलेली सोड्याची बाटली फोडली की निम्म्याहून जास्त फेस तिथेच गेला. बर्फाने तो परत येत नाही, बर्फ फक्त पाणी करतो. साके, पाक, सोडा आणि ग्लास, चारही गार हवेत. मोठी बाटली घेऊ नका. छोट्या घ्या आणि एका फेरीला एक संपवा.

जाता जाता: आपल्या गोटी सोड्याची बाटली आणि जपानच्या रामुने या गोड सोड्याची बाटली एकाच घडणीच्या, हायरम कॉड या इंग्रजाने काढलेल्या. वायूच्या दाबाने गोटी रबरी कडीवर बसते आणि तोंड बंद होतं. गोटी सोडा मिळाला तर जरूर वापरा, पण तो साधा आहे ना ते बघा. मसाला सोड्यातलं काळं मीठ साकेचा वास पार झाकून टाकतं.

मालवणहून

सोडो गार नसलो तर बाकी सगळा फुकट जाता, ह्या गुहागरकरांचा खरा. आता कोकमाचं बोलतो.

उमेचा आंबट-गोडपणा हवा असेल तर आपल्याकडे कोकमाइतकं जवळचं काही नाही. पण कोकम म्हणून घरात तीन वेगवेगळ्या वस्तू असतात आणि गल्लत तिथेच होते. आगळ म्हणजे मिठातला रस. तो सोलकढीचा, कॉकटेलात चमचाभर घातला की पेय खारट. आमसूल वाळवलेलं आणि बहुतेक मीठ लावलेलं. गरम पाण्यात भिजवून जो अर्क येतो त्याला जुना, तपकिरी वास असतो आणि साके इतकी नाजूक की तो वासच वर येतो. उरलं अमृत कोकम, म्हणजे साखरेत मुरवलेल्या कोकमाचा पाक. तेच घ्यायचं, मात्र विकतच्या बाटलीत जिरं आणि मीठ घातलेलं असू शकतं. लेबल बघा.

घरी करायचं तर एप्रिल-मेमध्ये, पिकून लालभडक झालेली फळं घेऊन. बिया काढलेल्या १ किलो सालींना दीड ते दोन किलो साखर, बरणीत थर देऊन. बरणीच्या तोंडाला फडकं बांधून उन्हात ठेवा, साखर पूर्ण विरघळेपर्यंत रोज एकदा कोरड्या चमच्याने हलवा. जिरं-मीठ नाही. पाक मलमलच्या दुहेरी कापडातून गाळा आणि गाळताना पिळू नका. पिळलं की बारीक गर उतरतो आणि सोडा पडताच त्या कणांभोवती बुडबुडे धरून सगळं उतू जातं.

प्रमाण: ६० मिली साधी साके, १५ मिली अमृत कोकम, ७५ मिली सोडा. लिंबू नको, कोकमाचा आंबटपणा पुरतो. साके आणि कोकम आधी चांगलं ढवळून तासभर फ्रिजमध्ये ठेवायचं, कारण पाक जड असतो आणि तळाला बसतो. वायू नसलेल्या साकेत हवं तितकं ढवळता येतं. सोडा सगळ्यात शेवटी, मग चमच्याची एकच उचल. सोड्यात सोडियम बायकार्बोनेट असेल तर कोकमाचा आंबटपणा बोथट होतो, म्हणून साधं कार्बोनेटेड पाणी बरं.

आगळच हाताशी असेल तर तीन-चार थेंब, सोबत १५ मिली साखरेचा साधा पाक. तेवढ्या मिठाने चव उठते.

हर्णैहून

बर्फ कसला घ्यायचा ते कोणीच बोललं नाही. बंदरावरचा मासळीचा बर्फ ग्लासात घालू नका, कितीही स्वच्छ दिसला तरी. तो खाण्यासाठी केलेला नसतो.

घरचा पारदर्शक बर्फ असा करा: थर्माकोलचा छोटा डबा, झाकण न लावता, पाणी भरून फ्रीजरमध्ये. थंडी फक्त वरून लागते, त्यामुळे हवा आणि क्षार खाली ढकलले जातात. खालचा भाग पाणीच असताना लादी काढा आणि वरचा स्वच्छ भाग सुरीने तोडा. लाईट जायच्या दिवसांत मात्र हे नीट होत नाही, मध्येच वितळून पुन्हा गोठलं की लादी दुधी होते.

ग्लासात टाकायच्या आधी तुकडे गार पाण्यातून काढा. वरची भुरी गेली की बर्फ गुळगुळीत होतो आणि फेस एकदम फसफसत नाही. ग्लास साबणाचा अंश न राहता धुवा. मोठा एकच तुकडा घाला, चुरा नको.

अलिबागहून

युझूचा वास लिंबू आणि संत्र्याच्या मधला आणि तो सालीत असतो, रसात नव्हे. दोन गावठी लिंबांची आणि अर्ध्या संत्र्याची साल बटाट्याच्या सोलाण्याने पातळ काढा. खालचा पांढरा भाग आला की कडूपणा आलाच. त्यात ५० ग्रॅम साखर चोळून चार तास झाकून ठेवा. साखर सालीतलं तेल ओढून ओलसर होते. मग ३० मिली लिंबाचा रस घालून विरघळवा आणि गाळा. ग्लासाला १० मिली, तेव्हा लिंबू वेगळं नको. ईडलिंबू मिळालं तर दोन लिंबांच्या जागी त्याची थोडी साल. वास जास्त भरदार येतो.

शिसोच्या जागी तुळस सुचवतात, मला पटत नाही. तुळशीचा लवंगेसारखा वास साकेला खाऊन टाकतो. सब्जाच्या झाडाचं एक पान आणि पुदिन्याची तीन पानं तळहातावर एकदा थोपटून वर ठेवा. कुटू नका, हिरवट कडवट उतरतं.

वेंगुर्ल्याहून

काजूच्या बोंडांचा रस चालतो, पण घशाला लागणारा तुरटपणा आधी काढावा लागतो. १ लिटर गाळलेल्या रसाला ५ ग्रॅम साबुदाण्याची पूड थोड्या पाण्यात शिजवून, थंड करून मिसळा. फ्रिजमध्ये १२ तास. तुरट भाग गाळ होऊन खाली बसतो, वरचा निवळ रस अलगद ओता. २० मिली हा रस, ६० मिली साके, ५ मिली लिंबू, ७० मिली सोडा. त्याच दिवशी संपवा, हा रस लगेच आंबतो.

धाग्याची सुरुवात करणारा

शहाळ्याचं पाणी कोणी वापरतं का? आणि हापूस?

रत्नागिरीहून

शहाळ्याचं पाणी ३० मिलीपर्यंत, शहाळं फोडल्याबरोबर. उघडं राहिलं की गुलाबी पडतं आणि चव उतरते. हापूसचा रस तसाच घालू नका, गर बुडबुडे मारतो. ४०० मिली पातळ केलेल्या कोमट रसात, १०० मिली पाण्यात १ ग्रॅम चायना ग्रास दोन मिनिटं उकळून मिसळा. थंड होऊन हलका गोळा बनला की मोडा आणि मलमलमधून आपोआप निथळू द्या. खाली येतं ते जवळजवळ पारदर्शक. वास आंब्याचा, फेस शाबूत. पण खरं सांगू का, एवढा खटाटोप करून हापूसचा अर्धा मजा कापडातच राहतो. रायवळ घ्या.

मालवणहून

सोबत खायला तिसऱ्या (शिंपल्या) ठेवा, सुकं कमी तिखटाचं. तिखट झणझणीत असलं की सोड्याचे बुडबुडे जिभेला टोचतात. आणि ढगाळ, न गाळलेली फेसाळ साके उघडताना झाकण किंचित फिरवा, फेस वर आला की लगेच बंद करा. फेस चढायचा थांबेपर्यंत असंच उघडझाप करत राहा, बाटली बेसिनमध्ये धरून.