मदत हवी आहे : स्लेटच्या पाट्यांनी छत स्वतः शाकारताना

अवजारांच्या लहान खोलीचे उतरते छत स्लेटच्या, म्हणजे पातळ थरांत फुटणाऱ्या दगडाच्या, पाट्यांनी स्वतः शाकारण्याचे मी ठरवले असून, काम सुरू करण्यापूर्वी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. पाट्या ५०० मिलिमीटर लांबीच्या आहेत. प्रत्येक पाटीने दोन ओळी खालच्या पाटीला १०० मिलिमीटर झाकायचे, म्हणून लांबीतून १०० वजा करून निम्मे केल्यावर ज्यांवर पाट्या ठोकायच्या त्या दोन लाकडी रिपांमधील अंतर २०० मिलिमीटर येते, इथवर मला समजले आहे. खिळे तांब्याचे आणले आहेत.

अडचण भोकांची आहे. भोक मागच्या बाजूने पाडले की दर्शनी बाजूचा कपचा उडून खिळ्याच्या डोक्याला खोलगट जागा मिळते. परंतु सराव करताना माझ्या दहापैकी तीन पाट्या भोकापासून कडेपर्यंत तडकल्या. टिचकी मारल्यावर त्या खणखणीत वाजत होत्या, त्यामुळे दोष दगडाचा नसून माझ्या हाताचा असावा, असे वाटते. भोक कडेपासून किती अंतरावर घ्यावे, ठोका एकच जोरदार द्यावा की हलके अनेक, आणि ड्रिल वापरणे अधिक योग्य ठरेल का? शिवाय पाटी सैलही राहू नये आणि ताणाने फुटूही नये, यासाठी खिळा नेमका किती ठोकावा, हे कोणी अनुभवातून सांगितल्यास मी मनापासून आभारी राहीन.