जुनी पोलो जीटी घ्यायची तर पेट्रोल टीएसआय की डिझेल टीडीआय?

वळणवाट
चाकणला बनणारी फोक्सवॅगनची पोलो २०२२ साली बंद झाली, पण सेकंडहँड बाजारात तिच्या जीटी या जोरकस आवृत्तीला मागणी कायम आहे. घेणारे सगळे एकाच प्रश्नाशी अडतात: पेट्रोल टीएसआय की डिझेल टीडीआय? माझं मत टीडीआयच्या बाजूने आहे. कारणं सांगतो, खोडून काढायची तर मुद्द्याने काढा.

टीएसआयचं इंजिन १.२ लिटरचं, ताकद १०५ पीएस आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, १७५ न्यूटन-मीटर, सोबत सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. टीडीआय २०१४ नंतरच्या गाड्यांत १.५ लिटरचं, सुरुवातीला तेवढेच १०५ पीएस, पण टॉर्क २५० न्यूटन-मीटर आणि पाच गिअरचा मॅन्युअल. हा ७५ न्यूटन-मीटरचा फरक रोज जाणवतो. चार माणसं आणि भरलेली डिकी घेऊन खंबाटकी घाट चढताना तिसरा गिअर पुरतो. हायवेवर ८० वरून ११० ला जायला चौथ्यात नुसता पाय दाबायचा.

दुसरी गोष्ट डीएसजीची. कोरड्या क्लचचा हा गिअरबॉक्स आणि त्यावर बसलेलं मेकाट्रॉनिक, म्हणजे गिअर बदलणारं हायड्रॉलिक आणि इलेक्ट्रॉनिक युनिट. ते गेलं की बिल लाखाच्या पुढे जातं. सेकंडहँड गाडीत ही जोखीम डोळे उघडे ठेवून का घ्यायची?

स्पॅनर_१३
टॉर्कचा आकडा इंजिनवरचा आहे, चाकावरचा नाही. डिझेल साडेचार हजार आरपीएमच्या आसपास संपतं, म्हणून त्याचे गिअर लांब ठेवावे लागतात. लांब गिअर म्हणजे चाकापर्यंत पोचणारा गुणाकार कमी. त्यामुळे ७५ न्यूटन-मीटरच्या आघाडीतला बराचसा भाग तिथेच जातो. पेट्रोल सहा हजारांपर्यंत खेचतं, एका गिअरमध्ये जास्त वेळ राहता येतं.

खंबाटकी आता रुंद आणि सरळ झाला आहे. ताम्हिणी किंवा वरंध्यात बघा. आवळलेल्या वळणात वेग पंचविसावर येतो, डिझेल दुसऱ्या गिअरमध्ये दीड हजाराच्या खाली घसरतं आणि टर्बो झोपतो. पहिला टाकावा तर झटका बसतो, दुसऱ्यात राहावं तर वळण संपल्यावर क्षणभर काहीच होत नाही आणि मग सगळी ताकद एकदम येते. ओल्या रस्त्यावर ते धोक्याचं आहे. टीएसआय एस (स्पोर्ट) मोडवर टाका, दुसरा गिअर धरून ठेवते आणि ताकद पायाच्या प्रमाणात मिळते.

वजनही बघा. टीडीआयचा ब्लॉक बिडाचा, टीएसआयचा ॲल्युमिनियमचा. डिझेलचं नाक जड असल्यामुळे वळणात गाडी बाहेरच्या बाजूला सरकते आणि पुढच्या टायरच्या कडा लवकर घासतात. शिवाय ईएसपी (गाडी घसरू लागली की सावरणारी यंत्रणा) आणि हिल होल्ड (चढावर ब्रेक सोडल्यावर गाडी क्षणभर धरून ठेवणारी सोय) टीएसआयला मिळत होतं, त्या काळच्या टीडीआयला नाही. गाडी बघायला जाल तेव्हा इग्निशन ऑन करा, घसरत्या गाडीचा दिवा लागून विझला पाहिजे. ‘स्पोर्टी’ हा शब्द धरून निवड करायची असेल तर याच गोष्टी मोजायला हव्यात.

वळणवाट
ईएसपीचा मुद्दा मान्य. बाकी वर्षातून चार वेळा ताम्हिणी चढायचा म्हणून रोजच्या वापराचं इंजिन निवडायचं, हे पटत नाही. आणि लॅग, म्हणजे टर्बो जागा होईपर्यंतचा उशीर, सांभाळता येतो: वळणाच्या आधीच गिअर खाली, आरपीएम १८०० च्या वर. मॅन्युअल गाडी चालवायची पद्धतच ती आहे.

हिशेबी
दोघांनीही पैसे बाजूला ठेवलेत, म्हणून मी मांडते. पुण्यात पेट्रोल १०४ आणि डिझेल ९१ रुपये धरा, तुमच्या गावचे भाव टाकून पुन्हा करा.

महिना १,००० किमी, शहर आणि हायवे मिळून: टीएसआय १२ चं ॲव्हरेज दिलं तर वर्षाला १,००० लिटर, म्हणजे १,०४,००० रुपये. टीडीआय १६ चं दिलं तर ७५० लिटर, म्हणजे ६८,२५०. फरक ३५,७५०.

महिना २,००० किमी, बहुतेक हायवे: टीएसआय १५, टीडीआय १९. वर्षाला अंदाजे १,६६,४०० विरुद्ध १,१५,०००. फरक ५१ हजारांवर.

आता यातून डिझेलचे खर्च वजा करा: टायमिंग बेल्ट, क्लच, फ्लायव्हील, इंजेक्टर. पण पेट्रोलच्या बाजूला डीएसजीचा एक मोठा खर्च धरलाच पाहिजे. सव्वा लाख धरला तर पहिल्या हिशेबात डिझेलची साडेतीन वर्षांची इंधनबचत एवढीच त्याची किंमत होते. म्हणजे गिअरबॉक्स टिकला तरी टीएसआय महाग, आणि गेला तर दुप्पट महाग. पेट्रोल घ्यायचं तर चालवण्याच्या आनंदासाठी घ्या. बचतीच्या नावाखाली घेऊ नका.

स्पॅनर_१३
हिशेब बरोबर आहे, पण ‘गिअरबॉक्स जाणारच’ हे गृहीतक चुकीचं आहे. तो का जातो ते नीट समजून घ्या.

या डीएसजीत दोन क्लच आहेत. एकावर १, ३, ५, ७ हे गिअर, दुसऱ्यावर २, ४, ६ आणि रिव्हर्स. क्लच तेलात बुडालेले नसतात, त्यामुळे उष्णता बाहेर टाकायला फक्त हवा. सिग्नलला डी मध्ये ब्रेक पूर्ण दाबून थांबलात तर क्लच सुटलेलाच असतो, तिथे झीज नाही. झीज होते ती ब्रेक अर्धवट सोडून फूट-फूट सरकत राहण्यात. हिंजवडीच्या गर्दीत समोरच्या गाडीच्या मागे सतत चिकटून राहणारा ड्रायव्हर पहिला क्लच जाळतो. गाडीभर अंतर मोकळं होऊ द्या, मग ब्रेक पूर्ण सोडून पुढे जा. चढावर ॲक्सिलरेटरने गाडी धरून ठेवू नका, हिल होल्ड त्यासाठीच आहे.

घेताना हे करा. गाडी पूर्ण तापल्यावर, निदान अर्धा तास चालल्यावर सपाट रस्त्यावर पहिल्यातून दुसऱ्यात अगदी हळू जा. थरथर आली तर क्लच. रिव्हर्समध्ये चढावर मागे घ्या, उशिरा आणि झटक्याने पकडला तर दुसरा क्लच किंवा मेकाट्रॉनिक. फक्त सम किंवा फक्त विषम गिअर मिळत असतील, डॅशवरचं गिअरचं अक्षर लुकलुकत असेल, तर तिथूनच परत फिरा. स्कॅनर लावणारा माणूस सोबत न्या. क्लचची उरलेली जाडी आणि तापमान किती वेळ मर्यादेपलीकडे राहिलं याची नोंद गिअरबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये असते. विकणारा स्कॅनर लावू देत नसेल तर व्यवहार नको.

इंजिनचंही बघा. रात्रभर थंड पडलेली गाडी सकाळी सुरू करायला लावा. पहिल्या दोन-तीन सेकंदांत खडखडाट आला तर टायमिंग चेन ढिली झालेली असू शकते. इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत आणि त्यांवर काजळी साठते. थंडीत अडखळणारा आयडल, म्हणजे गाडी उभी असतानाची इंजिनाची चाल, हे त्याचं लक्षण. ऑइल ५डब्ल्यू-४०, बाटलीवर फोक्सवॅगनचं ५०२ ०० हे मानक छापलेलं हवं. नुसतं ‘फुल सिंथेटिक’ लिहिलेलं पुरत नाही.

दूरगाव
पेट्रोलच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ई-२० चा, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा, विषय काढला नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा जवळपास एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. ई-१० वरून ई-२० वर आलं की ॲव्हरेज तीन-चार टक्क्यांनी घसरतं, ते वरच्या हिशेबात धरा. दुसरं, २०१३ ते २०१९ च्या या गाड्या ई-२० साठी बनवलेल्या नाहीत. इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील दर सर्व्हिसला बघायला सांगा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून कोकणात गाडी पावसाळाभर अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नका.

गॅरेजकट्टा
डीएसजीची एवढी चिरफाड झाली, मग टीडीआयचीही व्हायला हवी. ‘डिझेल म्हणजे दणकट’ या समजुतीवर लोक डोळे मिटून एक लाख किमी चाललेली गाडी घेतात.

पहिलं, टायमिंग बेल्ट. या इंजिनात चेन नाही. बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि हेड उघडावं लागतं. बदलल्याचं बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरा. बेल्ट, टेन्शनर, आयडलर आणि वॉटर पंप एकत्र बदला. नुसता बेल्ट टाकून पैसे वाचवणारा मेकॅनिक पंप गळल्यावर तीच मजुरी पुन्हा घेतो.

दुसरं, ईजीआर, म्हणजे धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी यंत्रणा. घर ते ऑफिस चार किमी, इंजिन कधी तापतच नाही, अशा वापरात ईजीआर व्हॉल्व्ह आणि इनटेक काजळीने भरतात. गाडी कमी आरपीएमला गुदमरते, चेक इंजिनचा दिवा लागतो. हाच वापर टर्बोच्या हलत्या पात्यांनाही मारक आहे. पाती अडकली की जोरात खेचताना गाडी अचानक लिंप मोडमध्ये जाते, म्हणजे इंजिन वाचवायला ताकद कमी करते, इग्निशन बंद-चालू केल्यावर पुन्हा ठीक होते. विकणारे नेमकं हेच करून दाखवतात. म्हणून टेस्ट ड्राइव्हला तिसऱ्या गिअरमध्ये १५०० वरून ४००० पर्यंत एकदा पूर्ण खेचा, मागे कोणाला तरी धूर बघायला बसवा. काळा ढग आणि शिट्टी एकत्र आली तर बहुतेक इंटरकूलरचा पाइप फाटलेला असतो. तो स्वस्तातला दोष आहे, घाबरू नका.

तिसरं, क्लच. इंजिन बंद करताना खालून खडखड ऐकू आली तर फ्लायव्हील संपत आलंय. चौथ्या गिअरमध्ये ६० वर पूर्ण पाय दाबा. आरपीएम वाढले आणि वेग वाढला नाही, तर क्लच घसरतोय. रीमॅप केलेल्या, म्हणजे इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेल्या गाडीत हे हमखास दिसतं. डिझेल रीमॅपला सहज दाद देतं आणि भरमसाट टॉर्क मिळतो, पण क्लच मूळचाच राहतो. विकण्याआधी मूळ सॉफ्टवेअर परत टाकलं जातं, क्लच मात्र खरं बोलतो.

इंजेक्टरची रिटर्न टेस्ट करून घ्या. चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्यांना बाटल्या लावायच्या आणि गाडी आयडलवर ठेवायची. एक बाटली इतरांपेक्षा ठळकपणे जास्त भरली तर तो इंजेक्टर गळतोय. आणि २०१५ च्या शेवटापर्यंतची डिझेल असेल तर फोक्सवॅगनच्या उत्सर्जन चाचणीतल्या फसवणुकीच्या प्रकरणातल्या सॉफ्टवेअर बदलासाठी बोलावलेल्या गाड्यांत ती होती का, आणि काम झालंय का, हे चॅसी नंबरवरून विचारून घ्या.

यमुनातीर
गुरुग्राम-नोएडातल्या मराठी मंडळींसाठी: दिल्ली परिसरात डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची मर्यादा लावली गेली होती. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे त्यावर नवे आदेश आले, म्हणून आजची स्थिती तपासल्याशिवाय टीडीआयचं बयाणं देऊ नका. याचमुळे दिल्ली पासिंगची डिझेल स्वस्तात महाराष्ट्रात येते. एनओसी, इथला रोड टॅक्स, नवा नंबर हे सगळं मिळवून मगच ती स्वस्त म्हणा. महाराष्ट्रात डिझेलचा कराचा दर पेट्रोलपेक्षा जास्त आहे.

ताम्हिणीकर
तिसरा पर्याय कोणीच मांडला नाही. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आल्यावर पोलोचं डिझेल गेलं आणि १.० टीएसआय आलं: ११० पीएस, १७५ न्यूटन-मीटर, सहा गिअरचा मॅन्युअल. डीएसजीची भीती नाही, ईजीआरची कटकट नाही. ऑटोमॅटिक हवा तर त्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा) आहे, गर्दीत तो कोरड्या क्लचपेक्षा कितीतरी निवांत.

स्पॅनर_१३
सूचना चांगली आहे, पण तीन सिलिंडरची थरथर आणि १५०० च्या खाली जाणवणारा पोकळपणा १.२ मध्ये नाही. सोसायटीच्या तळघरातून एसी लावून वर चढताना फरक कळतो. शिवाय त्या गाड्यांची किंमत अजून उतरलेली नाही.

वळणवाट
गॅरेजकट्टा यांची डिझेलची यादी छापून खिशात ठेवण्यासारखी आहे. तरी माझं मत बदललेलं नाही: त्यातला प्रत्येक दोष साध्या गॅरेजमध्ये सापडतो आणि भागाभागाने दुरुस्त होतो. हेच १.५ इंजिन व्हेंटो, अमिओ आणि रॅपिडमध्येही होतं, त्यामुळे पार्ट मिळायला अडचण नाही.

एक दुरुस्ती मात्र करतो. रोजचा प्रवास एकेरी पाच किमीच्या आत असेल आणि आठवड्यातून एकदाही अर्धा तास मोकळा हायवे मिळत नसेल, तर माझी शिफारस टीडीआयची नाही, ताम्हिणीकर म्हणतात ती १.० मॅन्युअल.

गॅरेजकट्टा
त्या पाच किमीवाल्यांनी आधीच टीडीआय घेतलेली असेल तर: दर आठवड्याला वीस-पंचवीस मिनिटं चौथ्या गिअरमध्ये, २,५०० आरपीएमच्या वर, तापलेल्या इंजिनवर चालवा. इंजिन ऑइल गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या किमीची वाट न बघता वर्षातून एकदा बदला आणि पावसाळ्यानंतर डिझेल फिल्टरमधलं पाणी काढायला सांगा.