बाईंनी दिलेला वाढदिवस : शिक्षिका आजींचे अनुभव

धागा काढणारी नात

माझी आजी सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर बाई होती. गेल्या महिन्यात गेली. मृत्यूच्या दाखल्यासाठी कागद काढले, तर जन्मतारीख १ जून. खरी तारीख तिलाही ठाऊक नव्हती. "पेरण्या उरकल्या होत्या" एवढंच तिची आई सांगायची.

ज्यांचं शिक्षण खेड्यात झालंय त्यांना हे सांगायला नको. जूनमध्ये शाळा उघडायची, बाप पोराला घेऊन यायचा आणि तारीख विचारली की आभाळाकडे बघायचा. मग गुरुजी पोराला म्हणायचे, उजवा हात डोक्यावरून घे, डाव्या कानाला लाव. लागला की सहा वर्षं पूर्ण. जनरल रजिस्टरला १ जून. आजीच्या वेळी तिच्या गुरुजींनी हेच केलं, पुढे आजीनेही हेच केलं. अख्ख्या गावाला तिने वाढदिवस वाटले. १ जूनला आमच्याकडे सकाळी सातपासून फोन असायचे, आणि बोलणारा प्रत्येक जण तिलाच शुभेच्छा देऊन स्वतःच्या घ्यायचा.

तुमच्या घरात, आळीत अशी कुणी बाई असेल तर या धाग्यावर खाली प्रतिसादात लिहा. गोडगोडच लिहायला हवं असं नाही.

धाकटी सून

गोडगोड नको म्हणालात म्हणून लिहिते. लग्न होऊन महिना झाला होता. वाण्याची यादी करून ओट्यावर ठेवली आणि आंघोळीला गेले. परत येऊन बघते तर 'जीरे' खोडून 'जिरे', 'मिठ' खोडून 'मीठ', लाल पेनाने. खाली सहीसुद्धा! मी यादी फाडली आणि नवऱ्याला तोंडी सामान सांगितलं. पुढची कित्येक वर्षं मी सासूबाईंच्या वर्गातच होते म्हणा ना, मधल्या सुट्टीशिवाय.

पण माझी नोकरी टिकली ती त्यांच्यामुळे. सकाळी ७.५२ची लोकल पकडायची तर दोन्ही पोरांचं उठवण्यापासून शाळेच्या गेटपर्यंत सगळं त्या बघायच्या. स्वतःच्या मुलांना त्यांना असं कधी कुणाकडे सोडता आलं नव्हतं. बदलीच्या गावी वर्गातच झोळी बांधून शिकवायच्या. हे मला त्यांनी नाही, त्यांच्या बहिणीने सांगितलं.

तापीकाठ

१९८१च्या जनगणनेला आजी प्रगणक होती. वर्ग सुटला की पाठीला फॉर्म बांधून वस्तीवर. घरोघरी बायकाच भेटायच्या, आणि नवऱ्याचं नाव काय म्हटलं की पदर तोंडात. पुरुष मास्तर वैतागून शेजाऱ्याला विचारायचे. आजी ओट्यावर बसून म्हणायची, "बरं, मग उखाण्यात घ्या." एका म्हातारीने एवढा लांब उखाणा घेतला म्हणे, की आजीने चहा संपवला तरी नाव आलं नव्हतं. आलं तेव्हा बाहेर जमलेल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

तिला ते उखाणे शेवटपर्यंत पाठ होते. स्वतः आजोबांचं नाव मात्र सरळ घ्यायची, हाक मारल्यासारखं.

मागचा बाक

आमची आजी जेवताना हजेरी घ्यायची. 'उपस्थित' म्हटल्याशिवाय ताटात भात नाही. आजोबांनाही.

सव्वा-दीड

पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीडचे पाढे. आम्हा भावंडांना सुट्टीत आंबे हवे असले तर आधी हे. तेव्हा राग यायचा. परवा मंडईत सव्वा किलो वांगी घेतली, ४८ रुपये किलो. भाजीवाल्याने मोबाइल काढायच्या आत माझ्या तोंडून 'साठ' गेलं. घरी येताना नुसतंच हसू येत होतं, डोळ्यांतही काहीतरी झालं, धूळ असेल.

म्हापशाहून

आमची आजी गोव्यातली. शिकली ती देवळाच्या मंडपात भरणाऱ्या मराठी शाळेत, थोडं पोर्तुगीजही. १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला, पुढे भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावोगाव मराठी प्राथमिक शाळा काढल्या, त्यांतल्या एकीत ती लागली. घरात कोंकणी, शाळेत मराठी. क्रोशाचे टाके मात्र 'उं, दोइश, त्रेश' असेच मोजायची. मध्ये कुणी बोललं की चुकायची आणि मग तिन्ही भाषांत ओरडायची.

बालाघाट

१९७२च्या दुष्काळात आजीची पहिलीच नेमणूक. पटावरची निम्मी पोरं आईबापांबरोबर खडी फोडायच्या कामावर. जी येत ती सुकडीसाठी, म्हणजे शाळेत वाटायच्या कोरड्या खाऊसाठी. ती हजेरी सुकडी वाटून झाल्यावर मांडायची, कारण आधी मांडली तर उशिरा आलेल्याचं खाणं हुकायचं.

आणीबाणीतल्या १९७६बद्दल मात्र ती बोलत नसे. मास्तरांना नसबंदीच्या 'केसेस' आणायला लावलं होतं, तिच्या आल्या नाहीत, पगार अडला. एवढं आजोबांकडून कळलं. विचारलं की ती तांदूळ निवडायला घ्यायची.

डिसूळ

पाटण तालुका वाचलं आणि थांबलो. धागा काढणाऱ्या ताई, आपली आजी म्हणजे माझ्याच बाई असणार. मी १९७१ला बहिणीचं बोट धरून शाळेत गेलो होतो. बाईंनी हात कानाला लावायला सांगितला. माझे हात लांब होते.

धागा काढणारी नात

दादा, तुम्हीच ते! पहिल्यांदा लिहिताना हे टाळलं होतं.

सगळ्यांसाठी सांगते. राज्य सरकारच्या बहुतेक नोकऱ्यांत ५८ पूर्ण झाली की निवृत्ती, आणि १ तारखेचा जन्म असला की आदल्या महिन्याच्या अखेरीला निरोप समारंभ. म्हणून आजीची पोरं ३१ मेला हार-नारळासकट आमच्याकडे पेढे द्यायला येत. २०२३ला हे दादा आले. आजीने नेहमीसारखं विचारलं, "जास्त वय तर नाही ना रे लावलं तुला?" ते हसत म्हणाले, "दोन वर्षं लावलीत, बाई." आजीला गंमत वाटली नाही. त्यांना बसवून हिशेब मांडला. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ते रांगत होते, आई त्यांना काखेत मारून पळाली. म्हणजे जन्म १९६७चा. रजिस्टरला १९६५. दोन वर्षांचा पगार. त्या रात्री आजी जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला त्यांचा नंबर लावायला सांगितला. पलीकडून "बाई, वाढदिवसाच्या—" एवढंच ऐकू आलं.

"माझा असेल," आजी म्हणाली. "तुझा नाही. तेच सांगायला फोन केलाय."