मदत हवी आहे : ‘डार्क’ मालिकेतील दोन विश्वांमध्ये मरणाचा नियम नेमका कोणता?

ज्यांनी ‘डार्क’चे तिसरे पर्व अजून पाहिलेले नाही, त्यांनी कृपया येथेच थांबावे, कारण पुढे अगदी शेवटच्या प्रसंगापर्यंतचे उल्लेख येणार आहेत.

मी आणि माझी आत्या कालप्रवासावरची ही जर्मन मालिका सध्या दुसऱ्यांदा पाहत आहोत. आत्या शाळेत गणित शिकवत असे. त्यामुळे तीन पर्वांतल्या सव्वीस भागांची टिपणे तिने चौकटींच्या वहीत काढली आहेत. नायक योनासच्या विश्वातली माणसे निळ्या पेन्सिलीने लिहिली आहेत आणि नायिका मार्थाच्या विश्वातली लाल. कानवाल्ड, नील्सन, डॉप्लर आणि टीडेमान या चारही घराण्यांचे वंशवृक्ष आता बिनचूक जमले आहेत. शार्लट आणि एलिझाबेथ या एकमेकींच्या आईही आहेत आणि मुलीही, हे वर्तुळसुद्धा आत्याने न कुरकुरता मान्य केले. अडचण एकाच पानावर आहे. योनासचे ते पान इतक्यांदा खोडले गेले आहे, की खोडरबराने कागदाला मधोमध भोक पडले आहे.

प्रश्न असा आहे. ज्याचे म्हातारपण काळाच्या चक्रात आधीच अस्तित्वात आहे, त्याला त्याआधी मरण येऊ शकत नाही, असा नियम मालिका आपल्याला स्पष्टपणे शिकवते. दुसऱ्या पर्वात नोआ हा कालप्रवासी पाद्री म्हाताऱ्या योनासवर, म्हणजेच अ‍ॅडमवर पिस्तूल रोखतो, पण गोळी सुटत नाही. तिसऱ्या पर्वात प्रलयानंतर खचलेला योनास गळफास घेऊ पाहतो आणि त्याला मरताच येत नाही, कारण त्याला पुढे अ‍ॅडम व्हायचे आहे. इथपर्यंत सारे समजते. मात्र त्याच तिसऱ्या पर्वात, एव्हाच्या, म्हणजे म्हाताऱ्या मार्थाच्या, विश्वात गेलेल्या योनासला मार्था गोळी घालते आणि तो तिथेच प्राण सोडतो. अ‍ॅडम तर तेव्हाही आहेच. तो प्रसंग संपला तेव्हा आत्याने पडदा थांबवून मला विचारले, “मग हा मेला कसा?” मला उत्तर देता आले नाही.

२७ जून २०२० च्या प्रलयाच्या वेळी योनासच्या दोन वाटा होतात, हे मला माहीत आहे. एका वाटेत दुसऱ्या विश्वातली मार्था येऊन त्याला घेऊन जाते. दुसऱ्या वाटेत तिला योनासचा मित्र बार्टोश वाटेतच अडवतो, ती येत नाही आणि योनास तळघरात उतरून जीव वाचवतो. परंतु या दोन वाटा म्हणजे दोन वेगळी विश्वे मानायची, की एकाच विश्वातली दोन माणसे? विश्वे मानली, तर मालिका सांगते त्याप्रमाणे ती दोन किंवा तीन न राहता चार-पाच होतात. माणसे मानली, तर प्रलयाच्या त्या क्षणी फक्त योनासच दुभंगतो आणि त्याच गावात असलेली एलिझाबेथ दुभंगत नाही, याचे कारण हवे. कृपया प्रसंगांच्या आधारे उत्तर द्यावे. “एवढा विचार करू नका” असा सल्ला घरी पुष्कळ जणांनी देऊन झाला आहे आणि त्याने आत्याचे समाधान होत नाही.

प्रतिसाद १

आपल्या आत्यांचा प्रश्न अगदी योग्य जागी बोट ठेवणारा आहे. माझ्या मते मरणाचा नियम कुठेही मोडलेला नाही. तो माणसाच्या नावाला लागू नसून त्याच्या आयुष्याच्या धाग्याला लागू आहे, एवढे मानले की पुरते. अ‍ॅडम हा तळघरात उतरलेल्या योनासचे म्हातारपण आहे. ज्याला मार्थाने वाचवून नेले, त्या योनासचे म्हातारपण मालिकेत कुठेही दिसत नाही, कारण ते नाहीच. म्हणून फास घेणाऱ्या योनासचा जीव जात नाही आणि दुसऱ्यावर झाडलेली गोळी सुटते. मार्थाचेही नेमके हेच होते. जी मार्था योनासला आपल्या विश्वात घेऊन जाते ती पुढे गालावरचा वण घेऊन एव्हा होते. बार्टोशने अडवलेली मार्था अ‍ॅडमपर्यंत पोहोचते आणि त्याच्या यंत्रात नष्ट होते, तीसुद्धा पोटातल्या बाळासह. दोघींची तुलना आपल्या वहीत समोरासमोरच्या पानांवर करून पाहावी, म्हणजे नियम आपोआप दिसेल.

राहिला प्रश्न विश्वे किती. मालिकेतच श्रोडिंगरच्या मांजराचा दाखला येतो, तो केवळ शोभेसाठी घातलेला नाही. १९३५ साली मांडलेल्या त्या कल्पनाप्रयोगात पेटी एकच असते, मांजरही एकच असते आणि तरीही पेटी उघडेपर्यंत ते जिवंत आणि मृत अशा दोन्ही अवस्थांत असल्याचे मानावे लागते. प्रलयाच्या क्षणी काळ निमिषमात्र थांबतो आणि कार्यकारणभावाची साखळी तुटते, असे कालप्रवासी क्लॉडिया टीडेमान शेवटच्या भागात अ‍ॅडमला सांगते. त्या निमिषात दोन्ही घटना घडतात आणि दोन्हींचे परिणाम एकाच विश्वात शिल्लक राहतात. म्हणजे विश्व तेवढेच आहे, मात्र त्यात दोन योनास आहेत.

धागाकर्तीचे उत्तर

मनःपूर्वक आभार. धाग्याचा नियम मी आत्याला वाचून दाखवला आणि तिने पहिल्यांदाच मान डोलावली. मात्र एलिझाबेथचे उत्तर अजून मिळाले नाही. साखळी सर्वांसाठी तुटत असेल, तर तिच्याही दोन वाटा व्हायला हव्यात.

प्रतिसाद २

साखळी सर्वांसाठीच तुटते, परंतु तुटलेल्या जागेतून वेगळे पाऊल टाकायला बाहेरून कोणीतरी यावे लागते, असे मला वाटते. एलिझाबेथच्या दाराशी त्या क्षणी दुसऱ्या विश्वातले कोणी आलेले नाही. त्यामुळे तिच्या दोन्ही वाटा एकसारख्याच राहतात आणि आपल्याला एकच दिसते. ही पळवाट माहीत असलेल्यांपैकी एव्हा तिचा उपयोग चक्र चालू ठेवण्यासाठी करते आणि क्लॉडिया ते तोडण्यासाठी. हे कुठल्याही पात्राच्या तोंडी शब्दशः येत नाही, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. हा माझा निष्कर्ष आहे, पण त्याला विरोध करणारा एकही प्रसंग मला सापडलेला नाही.

प्रतिसाद ३

वरील दोन्ही प्रतिसाद पटले, तरी याच नियमाने शेवट तपासला पाहिजे, कारण खरी कसोटी तिथे आहे. घड्याळजी टॅनहाउसचा मुलगा, सून आणि तान्ही नात १९७१ सालच्या अपघातात जातात. त्या दुःखातून तो यंत्र बांधतो, १९८६ साली ते चालू करतो आणि मूळ विश्व दुभंगून आपली दोन विश्वे जन्माला येतात. योनास आणि मार्था पुलापाशी उभे राहून ती गाडी परत फिरवतात. आता अपघातच झाला नाही, तर यंत्र नाही, यंत्र नाही तर विश्वे नाहीत, आणि विश्वे नाहीत तर गाडी अडवायला योनास-मार्था आले कुठून? हा विरोधाभास वेगळ्या स्पष्टीकरणाने सोडवण्याची गरज नाही. यंत्र चालू होण्याचा क्षण हाही साखळी तुटण्याचाच क्षण आहे आणि ते दोघे त्याच फटीतून मूळ विश्वात शिरतात. म्हणजे अपघात झाला आणि अपघात टळला, या दोन्ही गोष्टी मांजराच्या न्यायाने खऱ्या राहतात. एकीतून दोन विश्वांची गाठ जन्मते आणि दुसरीत ती सुटते. प्रकाशाच्या त्या बोगद्यात योनासला लहानगी मार्था दिसते आणि मार्थाला लहानगा योनास. तो प्रसंग पुन्हा लक्षपूर्वक पाहावा, अशी विनंती आहे. दोन विश्वांमधली भिंत तिथे किती पातळ झाली आहे, हे संवादांपेक्षा त्या दोघांच्या चेहऱ्यांवरून अधिक कळते.

धागाकर्तीचे उत्तर

काल रात्री शेवटचे दोन भाग पुन्हा पाहिले. फाटलेले पान काढून आत्याने त्या जागी दोन नवी पाने चिकटवली. डावीकडे तळघरातला योनास अ‍ॅडमपर्यंत गेला, उजवीकडचा योनास गोळीपाशी संपला आणि दोन्ही पानांच्या माथ्यावर २७ जून २०२० ही एकच तारीख आली. एलिझाबेथबद्दलचा निष्कर्ष तिने मान्य केला, मात्र तो शाईने न लिहिता पेन्सिलीनेच लिहिला.

मूळ विश्वासाठी तिने हिरवी पेन्सिल घेतली. ट्रोंट नाही, म्हणून उलरिख नाही. उलरिख नाही, म्हणून मार्था, माग्नुस आणि मिकेल नाहीत. मिकेल नाही, म्हणून योनास नाही. अशी एकेक नावे गाळत गेल्यावर जेवणाच्या मेजाभोवतीची मोजकीच माणसे उरली. त्यांच्यात योनासच्या विश्वात त्याची आई असलेली हाना आहे, ती गरोदर आहे, पिवळ्या रेनकोटकडे पाहून तिला काहीतरी आठवल्यासारखे होते आणि बाळाचे नाव योनास ठेवावे असे ती म्हणते. ज्या मुलाचा बाप या विश्वात कधी जन्मलाच नाही, त्याचे नाव तिच्यापर्यंत कुठल्या फटीतून पोहोचले? प्रतिसाद ३ मधला न्याय इथेही लागू होत असेल, तर दोन्ही विश्वे विरून गेल्यावरही त्यांचा काही अंश मूळ विश्वात शिल्लक राहतो, असे मानावे लागेल. ते धरून चालावे का, आणि त्याला आधार देणारा हानाखेरीज आणखी एखादा प्रसंग कुणाच्या लक्षात आहे का? आत्याने हिरव्या पानावर हानाच्या नावापुढची जागा मोकळी ठेवली आहे.